खुंटीला टेकलेला काटा

टायरवाल्याने मागच्या उजव्या चाकावर तळहात ठेवला, डोळे मिटले आणि निजलेल्या जनावराची पाठ चाचपावी तसा तो हात टायरच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत एकदा सावकाश फिरवला. मग डोळे न उघडताच तो म्हणाला, "ताई, हवा जास्त भरता तुम्ही."

दुकानाच्या कोपऱ्यात कॉम्प्रेसर धापा टाकत होता. भिंतीला टेकून छतापर्यंत टायरांच्या चळती उभ्या होत्या आणि नव्या रबराचा तो कोरडा, किंचित उग्र वास घशाशी येऊन बसत होता. तिला प्रथम वाटले, हा दुसऱ्या कुणाशी तरी बोलतो आहे. गेली सव्वीस वर्षे ती प्रयोगशाळेच्या दाब विभागात नोकरी करत होती. गावोगावचे बॉयलर, दवाखान्यांतले ऑक्सिजनचे सिलिंडर, कारखान्यांतल्या टाक्या, या सगळ्यांवरचे दाबमापक तिच्या टेबलावर येत आणि तिची सही घेऊन परत जात. हवा जास्त भरता, हे वाक्य आचाऱ्याला मीठ जास्त घालता म्हणण्यासारखे होते. फरक एवढाच की आचारी निदान चव तरी घेऊन बघतो.

"तेहतीस पौंड," ती म्हणाली. "एकही जास्त नाही. गाडी चालत होती तेव्हा दर पंधरा दिवसांनी मी स्वतः तपासत होते."

"तेहतीस नाही."

"हात फिरवून पौंड सांगता येतात तुम्हाला?"

"पौंड नाही येत. जास्त-कमी येतं." त्याने डोळे उघडले, आणि तिच्यापुढे चक्क मान खाली घातली. "हे बघा. मधे गोटा, कडेला केस. तुमचा टायर डिट्टो माझं डोकं झालाय. हवा कमी असली तर कडा झिजतात, जास्त असली तर मधला भाग. चारही चाकांची तीच कथा. माणूस काय, काहीही सांगतो."

तिने वाकून पाहिले. कडेच्या खाचा अजून खोल होत्या. मधल्या तीन खाचा पाटीवरच्या पुसट अक्षरांसारख्या उरल्या होत्या. दर तीन महिन्यांनी ती खाचांची खोली मोजत असे आणि वहीत लिहून ठेवत असे, पण मोजायची ती सगळ्यांत बाहेरची खाच. कारण चाक कमानीच्या आत असते आणि जॅक न लावता हात पोचतो तो तेवढाच. चार मिलिमीटर, तीन पूर्णांक नऊ, तीन पूर्णांक आठ. माप अचूक होते. फक्त ते सोयीच्या जागी घेतलेले होते. प्रशिक्षणार्थींना पहिल्याच दिवशी ती हेच तर सांगायची, की चूक बहुधा काट्यात नसते, काटा कुठे टेकवला त्यात असते. आणि ते मुकाट्याने लिहून घ्यायचे. "उद्या-परवा सांगते कुठले घालायचे ते," असे काहीसे पुटपुटून ती बाहेर पडली. आणताना गाडी सावकाश आणली होती. नेताना तर ती इतकी सावकाश नेली की मागच्या सायकलवाल्याने घंटी वाजवली.

मुळात लेकीचा फोन आला नसता तर गाडीवरचे आच्छादन निघालेच नसते. मंगळवारी संध्याकाळी फोन आला. लेक पोहण्याची प्रशिक्षक होती. दुसऱ्या शहरातल्या मोठ्या तलावावर तिला नोकरी लागली होती, रविवारी सामान घेऊन जायचे होते. "बसने गेले असते गं," लेक म्हणाली, "पण म्हटलं, तुझ्या गाडीतून सोडतेस का?" ती काही बोलली नाही. सात महिने त्या गाडीचा विषय घरात निघाला नव्हता. आजाऱ्याच्या खोलीवरून पाय न वाजवता जावे तसे सगळे त्या आच्छादनाजवळून जात होते. तिची शांतता लेकीने वेगळ्याच अर्थाने घेतली असावी, कारण पलीकडून ती हसली आणि म्हणाली, "मी ओरडणार नाही. प्रॉमिस." त्या हसण्यात काही खोट नव्हती. खोट असती तर बरे झाले असते. गाळलेल्या पाण्यासारखे स्वच्छ हसू होते ते, आणि फोन ठेवल्यावर तिच्या लक्षात आले की आपण टेबलाची कड धरून उभे आहोत.

गाडी तिची होती. नवऱ्याची नाही, वडिलांची नाही, कुणाची आठवण म्हणून ठेवलेली नाही. पन्नाशी उलटल्यावर, साठवलेले सगळे एका ठिकाणी घालून, तिने एक वापरलेली, दोन दारांची, काळपट लाल, अडीचशेच्या वेगाची गाडी घेतली होती. आणि नातेवाइकांनी तिच्या नवऱ्याला बाजूला घेऊन, घरात सगळे ठीक आहे ना, असे हळूच विचारले होते. नवरा गणिताचा शिक्षक. त्याने गाडीचे नाव ठेवले जावई. "आमचे जावईबापू," तो येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगे, "काम काही नाही, खायला उत्तम लागतं, आणि कुणी जरा हात लावला की रुसतात." खऱ्या जावयाचा पत्ता नसताना हे नाव लेकीला मुळीच खपत नव्हते, आणि म्हणूनच ते टिकले. तिला वेगाचे वेड होते असे म्हणणे बरोबर नाही. तिला आवडे ती वळणातली एक विशिष्ट गोष्ट: गाडीचे वजन एका बाजूच्या दोन चाकांवर उतरते, आणि तळहाताएवढ्या रबराच्या दोन ठशांवर दीड टन लोखंड क्षणभर विसंबून राहते, ती. हा विश्वास मोजता येतो, त्याला एकक आहे, याचे तिला बरे वाटे. लेक वीस वर्षांची असताना एकदा, सकाळी सातला, मोकळ्या सरळ रस्त्यावर काटा एकशे बासष्टवर गेला होता आणि लेक शेजारच्या आसनावर पाय आपटत ओरडली होती, "अजून, आई, अजून." लेकीचा गळाच तसा होता. पन्नास मीटरच्या तलावाच्या या टोकावरून त्या टोकाच्या मुलाचा कोपर सरळ करणारा गळा. बाकीचे प्रशिक्षक शिट्टी वाजवत, आणि लेक म्हणे, शिट्टी रेफ्रीला शोभते, मला देवाने भोंगा दिलाय.

आणि मग तो दिवस. पाऊस थांबून दहा मिनिटे झाली होती. रस्त्यावर पाणी साचलेले नव्हते, फक्त ओलीची एक झिलई होती, धुतलेल्या फळ्यासारखी. वळण ओळखीचे. वेग साठच्या आसपास. मागची चाके सुटली, गाडी स्वतःभोवती अर्धी फिरली आणि कठड्याला पुढच्या कोपऱ्याने जाऊन टेकली. फार जोरात नाही, पण लेकीने समोर हात धरला होता आणि तिचे उजवे मनगट मोडले. दवाखान्याच्या लांब खोलीत, ओले प्लास्टर मनगटाभोवती गुंडाळले जात असताना, ती पलंगाच्या पायथ्याशी उभी होती, आणि आपल्या नेहमीच्या आवाजात, अहवालातला शेवटचा परिच्छेद वाचून दाखवावा तशी म्हणाली होती, "तू ओरडली नसतीस तर माझा हात हलला नसता." आवाज चढला नव्हता. रागही नव्हता. तेच वाईट होते. रागाने बोललेले माणूस सोडून देतो. हे मात्र तपासून, शिक्का मारून दिल्यासारखे होते. लेकीने मान हलवली. निष्कर्ष स्वीकारला गेला.

त्यानंतर गाडी दुरुस्त होऊन आच्छादनाखाली गेली आणि लेकीच्या गळ्यात शिट्टी आली. प्लास्टर निघाले, मनगटावर हाडाचा एक लहानसा उंचवटा राहिला, आणि निळ्या दोरीतली एक प्लास्टिकची शिट्टी. "सोयीची असते," लेक म्हणाली होती. तिने ती गोष्ट पाहिली, नोंदवली, आणि दोन नोंदींच्या मधली रेघ ओढली नाही. आकडे समोर असताना रेघ न ओढण्याची कला शास्त्र शिकलेल्या माणसालाच खरी साधते. न शिकलेल्याला ती रेघ आपोआप दिसते.

चाकांची हवा मोजायच्या गेजबद्दल तिला शंका यायला हवी होती, असे आता कुणीही म्हणेल. ते पितळी गेज विभागातलेच होते. एके काळी संदर्भमापक म्हणून काचेच्या कपाटात मानाने राहिलेले, आणि नवे डिजिटल आल्यावर जुन्या साहेबांनी निवृत्तीच्या दिवशी तिच्या हातात ठेवलेले. "हे कधी फसवणार नाही," साहेब म्हणाले होते, आणि प्रमाणपत्राशिवाय कुणाच्याही शब्दावर विश्वास न ठेवणाऱ्या तिने तेवढे एक वाक्य विनाप्रमाणपत्र घेतले. सात वर्षांपूर्वी ते तिच्याच हातून गॅरेजच्या फरशीवर पडले. काच फुटली नाही. काटा शून्यावर होता. शून्य बरोबर आहे ना, मग झाले, म्हणून तिने ते फडक्याने पुसून पेटीत ठेवले. पुढे एक चमत्कार सुरू झाला: पेट्रोल पंपांवरची हवेची मापे बिघडू लागली. तिचे गेज तेहतीस दाखवी तेव्हा पंपावरचे एकोणचाळीस दाखवी. हा पंप, तो पंप, हमरस्त्यावरचा नवा पंप, सगळीकडे पाच-सहा पौंड जास्त. ती मान हलवी. एका पंपवाल्याला तर तिने अर्धा तास नियमित तपासणीचे महत्त्व समजावून सांगितले होते आणि त्या बिचाऱ्याने शेवटी तिला पाणी विचारले होते. नवरा म्हणे, "सगळी वरात चुकली आणि एकटा घोडा बरोबर चाललाय असं कसं?" ती म्हणे, सत्य मतदानाने ठरत नाही. जे खरेच आहे. पण सहा स्वतंत्र मापे एका बाजूला आणि एक न तपासलेले माप दुसऱ्या बाजूला असताना काय करायचे, याला मतदान म्हणत नाहीत, संख्याशास्त्र म्हणतात. हे तिने परीक्षेत लिहिले होते, गुणही मिळवले होते.

गुरुवारी ती गेज पर्समध्ये घालून प्रयोगशाळेत गेली. दाब विभागातल्या मुख्य यंत्रात काही चमत्कारिक नव्हते, आणि तेच तिला त्याचे आवडे. उभ्या नळीत तेल, तेलावर दट्ट्या, दट्ट्यावर पोलादी चकत्यांची चळत. चकत्यांचे वजन माहीत, दट्ट्याचे क्षेत्रफळ माहीत, म्हणून दाब माहीत. मधे कुणाचे मत नाही. दट्ट्या तरंगू लागला की चळत बोटाने हलकेच फिरवायची, म्हणजे घर्षण मोडते, आणि ती निःशब्द गरगरत राहते. ते फिरणे पाहताना तिला अनेकदा वाटे की जगात निदान ही एक गोष्ट तरी कशालाही टेकलेली नाही.

शेजारच्या टेबलावरची सहकारी तिच्याहून पंधरा वर्षांनी लहान होती. तिला सगळे दशांश म्हणत, कारण चहात साखर किती असे विचारले तरी ती दोन स्थळांपर्यंत उत्तर देई. दशांशने नोंदवही पुढे ओढली. "पितळी दिसतंय. कुणाचं आहे, मॅडम?"

"बाहेरचं."

"ग्राहकाचं नाव?"

ती थांबली. "माझंच लिही."

दशांशने वर पाहिले. "आधीची तपासणी कधीची?"

"नाहीये."

"म्हणजे तारीख आठवत नाही?"

"म्हणजे तपासणीच नाहीये."

नोंदवहीतल्या त्या रकान्यात दशांशने एक आडवी रेघ मारली, आणि ती रेघ मारताना ओठ इतके घट्ट मिटले की तिचे हसू नाकातून निघाले. "सॉरी, मॅडम," ती म्हणाली. "पण आमच्या आत्याचे मिस्टर दातांचे डॉक्टर होते. शेवटी एकही दात नव्हता त्यांना."

पाच पौंडांची चकती चढवली. चळत तरंगली, फिरली. गेजचा काटा हललाच नाही.

दोघी काट्याकडे पाहत राहिल्या. दहा पौंड: काटा चारवर. वीस: चौदा. एकोणचाळीस: तेहतीस, तेही कसे तर केसाच्या रुंदीचाही फरक नाही. पडण्याने काटा आपल्या आसावर सहा पौंडांनी मागे फिरला होता. खरे तर तो शून्याच्या खाली सहावर जाऊन बसला असता आणि तिने त्याच दिवशी पाहिले असते; पण शून्यापाशी एक बारीक खुंटी असते, काट्याने मागे जाऊ नये म्हणून. काटा त्या खुंटीला टेकून राहिला होता. सात वर्षे, रोज, इमानदारीने शून्य दाखवत. माणूस पुष्कळदा शांत दिसतो तोही असाच कुठल्या तरी खुंटीला टेकल्यामुळे, असा एक विचार तिच्या मनात आला. सुभाषितासारखा वाटला म्हणून तिने तो झटकला, पण तो जरा वेळाने मागच्या दाराने परत आला.

कारण आता प्रश्न गेजचा नव्हता. नीट विचार करायचा म्हटले तर गेजला एकट्याला फाशी देता येत नव्हते. दाब जास्त असला तर उलट रस्त्यावरचे पाणी चाकाखाली शिरायला अधिक वेग लागतो; म्हणजे एका परीने सहा पौंडांनी मदतच केली असेल. पण त्याच सहा पौंडांनी टायरचा मधला भाग खाऊन टाकला होता, आणि पाणी बाहेर काढायचे काम मधल्या खाचांचे. शिवाय तापमान, शिवाय रस्त्यावरचे तेल असल्यास ते, शिवाय साठ हा वेग. कशाचा किती वाटा, हे कुणालाही कधीही सांगता येणार नव्हते. एकच वाटा तेवढा निश्चित होता. वळणात स्टिअरिंग आधी हलके झाले होते. तळहातांना ते आठवत होते: पिठाच्या डब्याचा तळ लागावा तसा तो अचानक आलेला पोकळपणा. मग गाडीचा मागचा भाग सुटला. मग लेक ओरडली. हाताला आधी कळले, कानाला नंतर. हे तिला त्या दिवशी ठाऊक होते, दवाखान्यात उभी असताना ठाऊक होते, गेले सात महिने ठाऊक होते. कार्य कारणाच्या आधी येत नाही. एवढ्या एका अटीवर सगळे शास्त्र उभे आहे. ती अट तिने लेकीच्या पलंगाशी मोडली होती, आणि पुन्हा तिथे पाहायचे नाही म्हणून काटा शून्याशी नेऊन ठेवला होता.

आता सगळे गुपचूप दुरुस्त करता आले असते. नवे टायर घालायचे, नवे गेज घ्यायचे, रविवारी लेकीला सोडून यायचे. ती ओरडणार नव्हती. तिने शब्द दिला होता. कुणाच्या काही लक्षात आले नसते. सगळे सुरळीत झाले असते, आणि लेक नव्या गावच्या तलावाच्या काठाने आयुष्यभर शिट्टी वाजवत फिरली असती.

त्या संध्याकाळी तिने नवऱ्याला गेजबद्दल सांगितले. तो उत्तरपत्रिका तपासत होता. ऐकून झाल्यावर त्याने लाल पेनाला टोपण लावले. "आणि तिला सांगितलंस?"

"काय?"

"अगं, मी होतो तिथे. पडद्याच्या पलीकडे, फॉर्म भरत. मला ऐकू येतं."

"मग सात महिने बोलला नाहीस ते?"

"वाट बघत होतो. तुझं तुलाच सापडलेलं बरं असतं. दुसऱ्याने काढून दाखवलेली चूक तू कधी मान्य केलीयेस?" त्याने पुढची उत्तरपत्रिका ओढली. "टायर घेतलेस का? का जावईबापू अनवाणी जाणार?"

शुक्रवारी सकाळी ती टायरवाल्याकडे गेली ती तक्ता घेऊन. अकरा टायर, सहा रकाने: वेगाचे अक्षर, ओल्या रस्त्यावरच्या पकडीचे अक्षर, झिजेचा आकडा, आवाज, तयार झाल्याचा आठवडा, किंमत. गाडीबरोबर मूळ आलेल्या कंपनीचे चार टायर घ्यायचे तर तिचा दीड महिन्याचा पगार गेला असता. पुढचे दोन अरुंद, मागचे दोन रुंद, त्यामुळे अदलाबदल करून दिवस ढकलायचीही सोय नाही. टायरवाल्याने तक्ता दोन्ही हातांत धरून, लग्नपत्रिका वाचावी तसा आदराने वाचला.

"छान आहे," तो म्हणाला. "आता एक सांगा. यातला कुठला रकाना तुमचा, आणि कुठला शेजाऱ्यांना दाखवायचा?"

"म्हणजे?"

"हे वेगाचं अक्षर. बहुतेक तीनशेवालेच काढलेत तुम्ही. तीनशेनं जाता?"

"नाही."

"सगळ्यात जास्त किती गेलात?"

"एकशे बासष्ट. एकदा."

"बरं. गाडीच्या पुस्तकात कमीत कमी काय दिलंय?"

तिला पान पाठ होते. "दोनशे सत्तरचं अक्षर चालतं."

"मग त्या वरच्या तीसचे पैसे कुणासाठी देताय? ते अक्षर एक खाली आणा, काही बिघडत नाही. ओल्या रस्त्याचं अक्षर मात्र खाली आणू नका. बचत करायची तर जिथं आपण कधी जाणारच नाही तिथं करावी." मग त्याने तक्त्यातल्या सगळ्यांत स्वस्त ओळीवर अंगठा ठेवला. "आणि हा नको. नाव वाघाचं, पकड साबणाची."

तिने त्या निकषाने पाहिले आणि अकरांतले आठ आपोआप गळाले. उरलेल्या तिघांत एक मधल्या कंपनीचा होता: ओल्या रस्त्याला पहिले अक्षर, याच वर्षी तयार झालेला, आणि मूळच्या निम्म्याहून थोड्याच जास्त किमतीचा. फक्त आवाजाच्या रकान्यात तो दोघांपेक्षा दोन डेसिबलने वर होता.

"हा जरा गातो हं," टायरवाला म्हणाला. "आवाज चालेल ना? काही लोकांना नाही चालत."

"चालेल," ती म्हणाली. एवढा वेळ लागला त्या एका शब्दाला की टायरवाल्याने वर पाहिले. "आमच्या गाडीत आवाज असायचाच."

टायर चढले. जुने चार बाहेर ओळीने ठेवले गेले, मधे गोटा, कडेला केस. हवा भरताना त्याने विचारले, "नायट्रोजन भरू का? हवेपेक्षा भारी असतो."

"हवेत अठ्ठ्याहत्तर टक्के नायट्रोजनच असतो."

"मग उरलेल्या बावीसचे पैसे घेतो समजा."

ती हसली. मागच्या सात महिन्यांत ती हसली नव्हती असे नाही. पण हे हसू तिला स्वतःला ऐकू आले. साधी हवाच भरली. भरून झाल्यावर तिने पर्समधून पितळी गेज काढून लावले. सत्तावीस. टायरवाल्याच्या भुवया वर गेल्या.

"अधिक सहा," ती म्हणाली. "तेहतीस."

"अजून हेच वापरणार?"

"याची चूक किती ते आता माहीत आहे. माहीत असलेली चूक ही चूक नसते. ती बेरीज असते."

रविवारी सकाळी लेक दोन बॅगा आणि एक उशी घेऊन खाली उतरली. नवऱ्याने सामान मागे बसवले, गाडीच्या टपावर थाप मारली आणि "जावईबापू, जपून" एवढे म्हणून तो मुद्दाम वर निघून गेला. लेक शेजारच्या आसनावर बसली, पट्टा लावला, ओठ मिटले. निळी दोरी गळ्यात होती. स्टिअरिंगमागे बसलेल्या आईने किल्ली फिरवली नाही. पर्समधून गेज काढून लेकीच्या मांडीवर ठेवले आणि वर एक कागद. प्रयोगशाळेचा साधा छापील नमुना होता. दिलेले प्रमाणपत्र चुकीचे निघाले तर ते मागे घेण्यासाठी वापरतात तो. वरचा भाग दशांशने टाइप केलेला. खालचा, शेरा या मथळ्याखालचा, तिच्या हातचा.

लेकीने वाचायला सुरुवात केली. "सहा पौंड कमी दाखवत होतं हे? सात वर्षं?"

"हो."

"म्हणजे सगळे पंप बरोबर होते."

"सगळे."

"बापरे. त्या पाणी विचारणाऱ्या माणसाचं काय मग? सगळ्यांची माफी मागत फिरायचं म्हटलं तर महिना जाईल तुझा."

"त्यांची नंतर," ती म्हणाली. "खाली वाच."

शेरा तीन वाक्यांचा होता. अपघाताच्या दिवशी दवाखान्यात तोंडी दिलेला निष्कर्ष मागे घेण्यात येत आहे. चाके सुटली, त्यानंतर आवाज झाला. अपघातात आवाजाचा वाटा शून्य. खाली तारीख आणि तिची सही, जी बॉयलरांना चालते ती.

लेकीने तो कागद पुन्हा वरून खालपर्यंत वाचला. मनगटावरचा तो उंचवटा तिच्या दुसऱ्या हाताच्या अंगठ्याखाली होता. मग ती कागदावरून नजर न काढता म्हणाली, "अधिक-उणे किती? तूच म्हणतेस ना, अधिक-उणे न लिहिलेलं माप म्हणजे गप्पा."

"या ठिकाणी काही नाही. शून्य म्हणजे शून्य."

"असं कधी नसतं म्हणायचीस."

"एरवी नसतं." तिने दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले. "मला तेव्हाच माहीत होतं गं. कळत असून बोलले. ते गेजवर ढकलता येत नाही."

समोरच्या भिंतीवरून एक मांजर चालत गेले. लेकीने ते पार कोपऱ्यापर्यंत जाऊ दिले. "मी सिनेमातसुद्धा ओरडत नाही हल्ली," ती म्हणाली. "मुलं म्हणतात, ताई, तुमचा घसा बसलाय का. मी म्हणते, हो." मग तिने कागदाची काळजीपूर्वक चौघडी केली आणि गाडीच्या पुस्तकात, टायरांच्या पानाशी ठेवून दिली. "चल. उशीर होतोय."

माफ केले का, हे लेकीने सांगितले नाही आणि तिने विचारले नाही. गाव मागे पडले. नवे टायर खरेच गात होते. एक बारीक, एकसुरी गुणगुण आसनांतून वर येत होती, दोन डेसिबल जास्तीची, आणि त्या आवाजाच्या आधाराने दोघींना गप्प राहणे सोपे जात होते. रात्री कधीतरी सर येऊन गेली असावी. रस्त्याच्या काही भागांवर ओलीची झिलई होती. मग ते वळण आले. तेच नव्हे, पण त्याच्या कुळातले: लांब, डावीकडे वळणारे, शेवट न दाखवणारे. तिने वेग कमी केला, वळणाच्या आधी, जसा करायचा असतो. स्टिअरिंग फिरले आणि तळहातांनी वाट पाहिली त्या पोकळपणाची. तो आला नाही. वजन उजवीकडच्या दोन चाकांवर उतरले, रबराचे दोन ठसे रस्त्यावर पसरले आणि त्यांनी धरले. खालून वर, चाकांतून, दांड्यांतून, तिच्या मनगटांपर्यंत तो भरीव, शांत जोर आला. शेजारून श्वास आत घेतल्याचा आवाज झाला. तो श्वास छातीत कुठे तरी थांबला. तिने नजर रस्त्यावर ठेवली. काटा साठावर होता. हा काटा आपण कधी तपासला आहे का, असा एक प्रश्न तिच्या मनात डोकावला, आणि त्याचे उत्तर ती शोधू लागली एवढ्यात शेजारी शिट्टीची दोरी डोक्यावरून निघून मागच्या आसनावर पडली, आणि पन्नास मीटरचा तलाव ओलांडून जाईल अशा गळ्याने तिच्या डाव्या कानाशी लेक ओरडली, "अजून, आई."

तिचा हात हलला नाही. तिने फक्त पाय थोडा दाबला.